दादांचं पिस्तूल कधी अडकत नाही

सोमवार, ४ नोव्हेंबर

अडकलं! तिसऱ्याच गोळीला. रिकामी पुंगळी बाहेर उडायची, ती वरच्या फटीत उभीच्या उभी रुतून बसली. मी पिस्तुलाकडे बघतेय आणि सगळी रेंज माझ्याकडे!

वास्तविक चूक माझीच. दर वर्षीची परीक्षा सगळे रेंजच्या पिस्तुलावर देतात. ती रोज चालतात, रोज पुसली जातात. कमरेचं पिस्तूल कमरेलाच. ते झाडलं की साफ करत बसावं लागतं, म्हणून कुणी बाहेरच काढत नाही. मीच हट्ट धरला, की जे घेऊन फिरते त्यावरच परीक्षा देणार. साहेब म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. हसले सगळे. येत्या शनिवारी पुन्हा परीक्षा, नापास झाले तर न्यायाधीश बाईंच्या गाडीतून उतरून परत फाटकावरच्या पहाऱ्याला.

दादा, बाईंचे जुने अंगरक्षक, तेवढे हसले नाहीत. म्हणाले, हात कोवळा आहे, बसेल. मग सवयीनं स्वतःच्या कमरेवर थोपटलं. "माझं बघ, इतक्या वर्षांत कधी अडकलं नाही."

मंगळवार, ५ नोव्हेंबर

मनगट. मनगट. मनगट. ते ढिलं म्हणून अडकतं, दिवसभर हेच ऐकलं. घरी सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी भिजलेल्या चादरींची बादलीच पुढ्यात ठेवली. पीळ म्हणे, मनगट आपोआप सुधारतं. सुधारेल न सुधारेल, त्यांच्या चादरी तरी पिळून झाल्या.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

बाईंना पुन्हा फोन आला. वीस तारखेचा निकाल वाचलात तर घरी पोचणार नाही, एवढंच बोलून ठेवला. बाईंनी ते आम्हाला असं सांगितलं, जसं धोबी उद्या येणार नाही सांगावं. न्यायाधीशाला चेहऱ्यावर काही दिसू देता येत नसावं. पण उतरताना पर्स गाडीतच विसरल्या. कधी विसरत नाहीत.

त्यांना बंदूक दिसलेली आवडत नाही. म्हणून आम्हा दोघांना ही छोटी पिस्तुलं, कोटाखाली झाकली जाणारी. दादा बाईंच्या उजव्या अंगाला, मी मागे. काही झालं तर आधी दादांचं पिस्तूल, मग माझं.

वाटेत नव्या ड्रायव्हरला मी दादांचा किस्सा सांगितला. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकाला तो सांगतातच. कोर्टाच्या पायऱ्यांवर एक माणूस खिशात हात घालून बाईंच्या अंगावर धावला. दादांनी पिस्तूल काढून रोखलं. त्याचा हात खिशातून बाहेर आला, तर हातात चष्म्याचं घर! निकाल वाचायला चष्मा काढत होता बिचारा. दुसऱ्या कुणी झाडली असती. दादांनी हात ओळखला आणि बोट आवरलं. याला म्हणतात नजर.

दादा खिडकीबाहेर बघत होते. स्वतःचं कौतुक त्यांना सोसत नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

लोकर!!

मिस्त्रींकडे गेले. हत्यारांच्या खोलीतले मिस्त्री, सगळी पिस्तुलं त्यांच्या हातून जातात. माझं उघडलं आणि चिमट्यानं एक निळा गोळा बाहेर काढला. मग गोळ्यांच्या मॅगझिनमधून दुसरा. विचारलं, "घरी कोण विणतं?"

सासूबाईंचा निळा स्वेटर! थंडी पडल्यापासून कोटाच्या आत तोच. त्याचे धागे रोज आत जात होते, वर माझा तेलाचा हात सढळ, मग काय, सगळं चिकटून बसलं. मनगटाचा काही संबंध नाही! घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, माझ्या लोकरीला नावं ठेवू नकोस, तुझ्या बंदुकीलाच थंडी वाजत असेल.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पास. माझ्याच पिस्तुलावर. एकही अडकली नाही.

सोमवार, ११ नोव्हेंबर

डोक्यात भुंगा शिरलाय. माझं काही महिन्यांत असं झालं, तर दादांचं? इतक्या वर्षांत अडकलं नाही, कारण इतक्या वर्षांत झाडलंच नाही! तेही परीक्षा रेंजच्याच पिस्तुलावर देतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुपारी सहज म्हटलं, दादा, चला की एकदा रेंजवर, चार गोळ्या झाडून बघू. म्हणाले, गरज नाही. मी पुन्हा म्हटलं, निकाल जवळ आलाय. त्यावर, "बारके, मी तुला शिकवलं की तू मला?"

यांनीच मला फाटकावरून उचलून इथे आणलं. यांनीच गर्दीत माणसांचे हात बघायला शिकवलं. आज मी त्यांना असं बोलले. रडू आलं, पण गाडीत रडायचं कुठे?

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बोलत नाहीत. डबाही एकट्यानंच खाल्ला.

बुधवार, १३ नोव्हेंबर

बाईंनी विचारलंच. तुमच्या दोघांत काय झालंय? मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, माझा दिवस खोटं ऐकण्यात जातो, गाडीत तरी नको. मग खिडकीकडे वळून हळूच म्हणाल्या, तुम्ही दोघं आहात म्हणून मी वीस तारखेला तिथे बसणार आहे.

साहेबांना सांगावं, तर दादांची इतक्या वर्षांची अब्रू चव्हाट्यावर. न सांगावं, तर बाईंचा जीव.

संध्याकाळी दादांना जिन्यात गाठलं. शुक्रवारपर्यंत वाट बघेन, मग साहेबांकडे जाईन, एवढं एका दमात बोलून टाकलं. ते रागावतील वाटलं. नुसते कठड्याला धरून उभे राहिले. एकदम म्हातारे दिसले.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

दादा स्वतःच आले. सकाळी, रेंजवर कुणी नसताना. मिस्त्री आणि मी, बस.

पिस्तूल काढलं, रोखलं, चाप ओढला. टक्. नुसतं टक्. मिस्त्रींनी ती गोळी काढून दुसरी भरून दिली. पुन्हा टक्.

मिस्त्रींनी जागीच खोललं. गोळीच्या बुडाला ठोकणारी जी पिन असते, तिचं टोकच तुटलेलं. ते उजेडात धरून म्हणाले, हे आजचं नाही. तुटलेल्या जागी गंज चढलाय, वर्षं झाली असतील. दादांकडे बघितलं नाही त्यांनी. भला माणूस! दुपारपर्यंत नवी पिन बसवली आणि स्वतः झाडून बघितलं. उत्तम चाललं. साहेबांना एवढंच सांगितलं, की यापुढे प्रत्येकानं आपापलंच पिस्तूल झाडावं. साहेबांनीही मान्य केलं.

म्हणजे इतकी वर्षं बाईंच्या उजव्या अंगाला एक लोखंडाचा तुकडा चालत होता! दादांना धीर द्यायला गेले. पण त्यांना धक्का बसल्यासारखं वाटलं नाही. आपलं लपवलेलं कुणाला सापडावं, तसा चेहरा.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दादांनी दुरुस्त झालेलं पिस्तूल जमा केलं. साहेबांकडून गाडीचं दार सांभाळायची ड्यूटी मागून घेतली. परवापासून बाईंच्या उजव्या अंगाला मी.

जाताना जिन्यात थांबले. म्हणाले, "त्या दिवशी पायऱ्यांवर मी बोट आवरलं नव्हतं, बारके. चाप ओढला होता. नुसतं टक् झालं, आणि मग त्याच्या हातात चष्म्याचं घर दिसलं." मग म्हणाले, "त्यानंतर ते दुरुस्त करायचा धीरच झाला नाही."