चाळीस तारखा

१३ नोव्हेंबर

धाकटी बहीण सुलक्षणा काल बेंगळुरूत वारली. चौसष्ट वर्षांची. मी अडुसष्टचा, म्हणजे आधी माझा नंबर होता. पण रांगेत थांबणं तिला कधी जमलंच नाही.

आज पेपरात फोटो. ‘देशातील संगणकशास्त्राच्या आद्य संशोधक.’ खाली गावाचं नाव – राहू, ता. दौंड. स्टँडवरचे सगळे अंक आठच्या आत संपले! चाळीस वर्षांत तिची चौकशी न करणाऱ्यांनी स्टेटसला फोटो लावलेत.

१५ नोव्हेंबर

पप्पू उपसरपंच फ्लेक्सचा मजकूर घेऊन आला. ‘कॉम्प्युटरच्या जनक.’

म्हटलं, कॉम्प्युटर तिनं शोधला नाही रे.

“मग काय शोधलं, आप्पा?”

मला नीट सांगता येईना. मोठ्या बँकांची, विमानांची यंत्रं चुकू नयेत असं काहीतरी. परदेशातली माणसं शिकायला यायची. हाताखाली तीनशे इंजिनीअर.

“एवढं फ्लेक्सवर बसत न्हाई. जनकच ऱ्हाऊ द्या.”

बसणार कसं! खाली शोकाकुलांचे बावीस फोटो आहेत. पप्पूचा गॉगल लावलेला.

१७ नोव्हेंबर

तेजश्री अस्थी घेऊन आली. सुलक्षणाची एकुलती एक. राहूच्या नदीतच सोडायच्या, अशी आईची इच्छा होती म्हणाली.

रखमाजी आबा भेटायला आले. साखर कारखान्याचे माजी चेअरमन, वय शहाऐंशी, आवाज अजून गेटसभेचा. तेजश्रीच्या डोक्यावरून हात फिरवला – “तुजी आई आमच्याच कारखान्यात शिकली बरं का, पोरी!”

शिकली! काय शिकली ते माहीत असलेले दोघंच जिवंत आहेत. एक आबा. दुसरा मी.

१८ नोव्हेंबर

लिहूनच टाकतो. कागदाला तोंड नाही.

अठ्ठ्याऐंशी साल. उसाची तोड आधी कुणाला द्यायची, हे तेव्हा संचालकांच्या ओट्यावर ठरायचं. सुलक्षणा शिकून आली आणि तिनं कारखान्यात कॉम्प्युटर बसवला. ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी. वशिला बंद. मी शेतकी ऑफिसात टेंपररी क्लार्क. लागणीच्या तारखा मशीनमध्ये टाकायला तिनं मलाच शिकवलं, कारण दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता. माणसं ओळखण्यात हुशार!

आबांनी केबिनमध्ये बोलावलं. “जयसिंगराव, फकस्त आपल्या संचालकांच्या चाळीस तारखा महिनाभर आधी न्या. यादी निघाली की पयल्यासारख्या करून ठिवा. परमनंट व्हायचंय न्हवं?”

नेल्या. यादी काढली. जेवणाच्या सुट्टीत तारखा परत जागेवर आणल्या. डबासुद्धा खाल्ला.

यादी लागली. संचालकांचा ऊस सगळ्यांच्या वर. पार कवठे येमाईपासूनचे शेतकरी गेटवर आले. आबांनी दोन्ही हात वर केले – “म्या काय केलंय? मशीननं काढलंय!” सुलक्षणानं सगळ्यांसमोर पुन्हा यादी काढली. ती बरोबर आली. तारखा आता बरोबर होत्या ना! आबा म्हणाले, “सकाळी एक, दुपारी एक. असलं येडं मशीन काय कामाचं?” लोक हसले. मशीन गोडाऊनला गेलं.

तिनं मला एकदाच विचारलं, “दादा, तुला काही वेगळं दिसलं होतं का?”

“नाही.”

ती गाव सोडून गेली. मी परमनंट झालो.

२१ नोव्हेंबर

घाटावर दशक्रिया. कावळा पहिल्या मिनिटाला शिवला. भाषणांना थांबला नाही – शहाणा. बाकीच्यांना दोन तास बसावं लागलं. नऊ जणांनी श्रद्धांजली वाहिली, त्यातल्या चौघांनी येत्या निवडणुकीला.

मग आबा. “ताईंचा पयला कॉम्प्युटर आमच्याच कारखान्यात फेल गेला! पर त्या खचल्या न्हाईत!” लोक हसले. तेजश्रीही कसनुशी हसली.

“आता बंधू दोन शब्द बोलतील.”

माईक हातात घेतला. डोकं मुंडलेलं, वर ऊन. समोर खुर्चीत आबा, काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडेच बघत होते.

“सर्वांचे आभार,” मी म्हणालो. “चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.”

सदतीस वर्षांची तयारी! एवढंच निघालं.

२३ नोव्हेंबर

तेजश्री काल परत गेली. कारखान्याच्या हॉलला सुलक्षणाचं नाव देणार. कोनशिलेचा मजकूर मंजुरीला माझ्याकडे आला. ‘याच कारखान्यातील पहिल्या अपयशाने न खचता...’ दगडात कोरणार. म्हणजे आम्ही सगळे मेल्यावरही ते अपयश तिचंच.

“आप्पा, सही मारा की. कारागीर खोळंबलाय,” पप्पू.

चष्मा सापडत नाही म्हटलं. तो माझ्या नाकावरच होता. पप्पू बिचारा कागद घेऊन परत गेला. बहिणीच्या दुःखात आहेत, असं समजला असेल.

२४ नोव्हेंबर

आबांनी बोलावून घेतलं.

“सही का आडवली?”

“ते अपयश तिचं नव्हतं, आबा.” एवढी वर्षं पोटात होतं, आज पहिल्यांदा बाहेर पडलं.

“मग कुणाचं लिवू? तुमचं? का माजं?” हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. “आवो, हितनं गेली म्हनून ती मोठी झाली! हितंच ऱ्हायली आस्ती तर काय झाली आस्ती? आपलं उपकार म्हना.”

 हेच वाक्य मी स्वतःला रोज सांगत आलोय. जवळजवळ हेच शब्द. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर कळलं ते कसं वाटतं.

२५ नोव्हेंबर

पप्पू दोनदा आला. मी घरात नाही, असं बायकोनं सांगितलं. मी आतून खोकलो.

२६ नोव्हेंबर

तेजश्रीला फोन केला. चाळीस तारखांसकट सगळं सांगितलं.  ती म्हणाली, “मामा, आईचं सगळं काम त्या यादीपासूनच सुरू झालं. एकदाच होते आणि परत सापडत नाही, अशी मशीनची चूक शोधायची. शेवटच्या सकाळीसुद्धा तिनं जपून ठेवलेली ती यादी मागून घेतली. म्हणाली, आज सापडेल.”