दादाच्या नावावरचं रक्त

३ फेब्रुवारी

चि. बेडकास, अ. उ. आ.

पत्र आलं म्हणून हसू नकोस. दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललं की लेकीला सगळं ऐकू जातं, आणि हे तिच्या कानावर जायला नको आहे.

बापाचा आरोग्य विमा काढायचाच, असं तिने मनावर घेतलंय. कामावरून आली की कागद पसरून बसते. एका कंपनीची योजना स्वस्त, तपासणीशिवाय मिळणारी. पण प्रत्येक बिलातला चौथा हिस्सा आपला, आणि जुन्या आजारांना तीन वर्षं काही मिळत नाही. दुसरीचा हप्ता जवळजवळ दुप्पट, पण बिल पूर्ण भरतात, जुने आजारही पहिल्यापासून धरतात. मात्र आधी रक्त तपासतात. तिचा जीव दुसरीवर. मी शिंपी, मलाही पटलं. कापड कमी घेतलं की बसताना उसवतंच.

अडचण माझ्या साखरेची. गोळ्या घेतो हे लेकीला ठाऊक आहे. दुकानाच्या गल्ल्याखाली पेढे ठेवतो, हे नाही. आजार आटोक्यात असेल तरच कंपनी घेते, आणि माझा नाही. रक्त घ्यायला माणूस घरी येईल, ती कामावर असताना. तू येऊन माझ्या जागी बस. ओळखपत्रावरचा फोटो तसाही आपल्या दोघांपैकी कुणाचाही वाटतो. लिहिताना लाज वाटते आहे, तरी लिहितोय.

तुझा दादा

८ फेब्रुवारी

तीर्थरूप दादास, शि. सा. न. वि. वि.

लहानपणी तुझे जुने शर्ट मी घातले, आता माझं रक्त तू वापर. फिटंफाट! येतो. तलावावर पोरांना पोहायला शिकवून मुरलेलं रक्त आहे. सत्तरीला टेकलो, पण गोळी म्हणून माहीत नाही. असला विमा माझ्यासारख्याला कशाला हवा? कंपनी खूश होऊन तुला बक्षीस देईल बघ.

एक तक्रार. तू शिवलेली पँट घोट्याशी घट्ट होते. तुझी कात्री म्हातारी झाली, दुसरं काय. पेढे मात्र मी येईपर्यंत संपवू नकोस.

तुझा बेडूक

२ मार्च

चि. बेडकास, अ. उ. आ.

हे पोचायच्या आत लेक तुला फोन करेलच. पण माझी करणी मलाच सांगायला हवी, आणि फोनवर जीभ रेटत नाही.

रिपोर्ट आला. साखर उत्तम आहे, तू म्हणाला होतास तशी. पण मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करताहेत. कंपनीने नकार कळवला. लेकीने मला जवळ बसवून, रडू आवरत सगळं समजावलं. तिने रजा टाकली, स्वयंपाकातलं मीठ बंद केलं. रोज माझ्या पायांवर बोट दाबून सूज बघायची, आणि मी पाय पसरून बसायचो.

त्याच क्षणी तुला कळवायला हवं होतं. नाही कळवलं. तुला सांगायचं म्हणजे तिलाही सांगावं लागणार, म्हणून आठवडाभर गप्प बसलो. बेडका, तुझ्या जिवापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली. याची लाज आता जन्मभर पुरेल.

काल ती बाहेरून आली तेव्हा कोपरापाशी कापूस चिकटवलेला होता. तिचं मूत्रपिंड मला चालेल का, हे विचारायला हॉस्पिटलात जाऊन आली होती. तेव्हा मी सांगितलं. ती ताट घेऊन आत गेली आणि ओट्याशी उभ्यानेच जेवली.

पत्र खाली ठेव आणि आधी डॉक्टर गाठ.

दादा

७ मार्च

तीर्थरूप दादास, शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरकडे जाऊन आलो. रक्तदाबाने मूत्रपिंडं खाल्ली म्हणाले. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळता येईल. गोळ्या चालू झाल्या, मीठ बंद.

तू एकटाच लाज घेऊन बसू नकोस, थोडी मलाही ठेव. पँट घट्ट नव्हती, घोटे सुजत होते. कित्येक महिने. मी मोठ्या मापाच्या चपला घेतल्या आणि खापर तुझ्या कात्रीवर फोडलं. पोरांना दम धरायला शिकवणारा मास्तर आजारी पडतो, हे मला कबूल करवत नव्हतं. तुला हसलो, पोरीला रडवलं. तिला फोनवर क्षमा मागितली, तर तिने फक्त औषधांची नावं विचारली.

एकट्याला मिठाशिवाय शिजवायला जमत नाही. उपाशीच राहतो बऱ्याचदा.

बेडूक

१२ मार्च

चि. बेडकास, अ. उ. आ.

कंपनीला खरं कळवलं. त्यांचं दार आता मला कायमचं बंद झालं. लेक आपल्या दोघांसाठी ती स्वस्तातली योजना घेते आहे, चौथ्या हिश्श्याची, तीन वर्षं थांबायची. अर्ज भरताना तिने माझी साखर मला मोठ्याने सांगायला लावली. मी मान खाली घालून सांगितली.

ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठही घरात परत आलेलं नाही आणि मी मागितलेलं नाही. तुझ्या वाटणीचं आळणी जेवण इतके दिवस मीच जेवतो आहे. पिशवी भर आणि इकडे राहायला ये. काल तिने न सांगता तिसरं ताट घासून ठेवलंय.

या थोरल्यावरची माया आटली असेल, तर तेही समोर बसून सांग. पण ये. तुझ्या पँटचे पाय सैल करून ठेवलेत.

तुझा दादा