शेजारच्या काकांची बरणी

पप्पा, आज माझ्या वर्गात सत्तावीस बाटल्या आल्या. सरबताच्या, पाण्याच्या, तळ कापलेल्या. प्रत्येकीत एक नळी, नळीला दोन फुगे आणि खाली ताणून बांधलेलं रबर. रबर खाली ओढलं की आत जागा वाढते, बाहेरची हवा नळीतून आत शिरते आणि फुगे फुगतात. सोडलं की बसतात. आपण श्वास असाच घेतो, हे पोरांना सांगून सांगून माझा घसा बसला. त्यात एक पोरगी उठली. तिचे वडील इथेच कात्रपला रिक्षा चालवतात. खणखणीत आवाजात म्हणते, "मॅडम, हे सगळं माझ्या पप्पांनी केलंय. मी नुसते फुगे आणले." पोरं फिदीफिदी हसली. तर ही उलट त्यांनाच विचारते, "मग? तुमच्या पप्पांना येतं का?" प्रकल्प स्वतः करायचा असतो म्हणून मी तिला चांगलं झापायला हवं होतं. पण मी फळ्याकडे तोंड करून उगाच तारीख पुसली आणि पुन्हा लिहिली.

आपल्या वेळी असल्या बाटल्या कुठे होत्या? मी आठवीत होते आणि सायन्सच्या बाईंनी प्रदर्शनासाठी फुप्फुसाचं मॉडेल मला दिलं होतं. पुस्तकात काचेच्या हंडीचं चित्र होतं. ती हंडी शाळेतही नव्हती. मी रडवेली झाले तर तुम्ही म्हणालात, "ए बये, रडतेस काय? मी फिटर आहे का कोण आहे?" आणि मला घेऊन उल्हासनगरला गेलात. एका सिंधी दुकानदाराच्या फळीखाली गोळ्यांची मोठी प्लास्टिकची बरणी पडली होती. तो म्हणाला, "अरे साईं, वो तो नीचे से फूटेली है." तुम्ही म्हणालात, "मेरे को नीचे का मंगताच नहीं." तो माणूस तुमच्याकडे बघतच राहिला. परतीच्या वाटेवर ती बरणी तुम्ही लहान बाळासारखी छातीशी धरली होती आणि मला हातसुद्धा लावू दिला नाहीत.

रविवारी दुपारी मोरिवलीच्या आपल्या खोलीत आई एका बर्नरवर बोंबील भाजतेय आणि दुसऱ्यावर तुम्ही बरणीचा फुटका तळ कापायला सुरी तापवताय. "माझी सुरी वाया घालवली," म्हणून ती करवादतेय. तुमचे हात नेहमीसारखे गुलाबी-जांभळे. रंगाच्या कारखान्यात मेंटेनन्सला होतात ना तुम्ही, तो रंग साबणाने जायचाच नाही. आई म्हणायची, आमच्या घरी बारमाही रंगपंचमी. त्या हातांनी तुम्ही पितळेची बारीक नळी दोन फाट्यांना जोडली, वरच्या टोकाला आटे पाडले, झाकणाच्या भोकाभोवती मेण ओतलं. "एअर लीक नाय पायजे," हे शंभरदा म्हणालात. मग मी रबर ओढलं आणि दोन्ही फुगे फुगले. मी टाळ्या पिटल्या. तुम्ही मात्र स्वतःच्या छातीवर हात ठेवून दोन-तीन श्वास घेतलेत. तेव्हाही तुमच्या छातीत बारीक शिट्टी वाजायची, आई त्यासाठी आलं-गुळाची गोळी द्यायची. "म्हणजे आपल्या आत हे असं चालतं?" तुम्ही विचारलंत. सातवी शिकलेला माझा बाप त्या दिवशी माझ्याकडून सायन्स शिकत होता, आणि मी अशी काही फुशारले होते की विचारू नका.

प्रदर्शनाच्या दिवशी तुमची पहिली पाळी होती. पहाटे निघण्याआधी तुम्ही बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीत आणि नळीच्या उघड्या टोकाला पितळी डमी बसवलीत. डमी म्हणजे पाइपाचं तोंड बंद करणारं आट्यांचं बूच. कारखान्यात तुमची सवयच ती. उघडा पाइप दिसला की तुमचे हात शिवशिवायचे. वाटेत धूळ जाऊ नये म्हणून लावलीत, पान्याने आवळलीत आणि मला सांगायला विसरलात. मीही काय अकलेची! इतका ताजा पितळेचा बोंडा समोर चमकतोय, पण मला वाटलं, शोभेसाठी केलं असेल.

साडेतीनला पाहुणे आमच्या टेबलापाशी आले. दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक होते, पांढराशुभ्र सफारी. माझ्या शेजारी कारखान्यातल्या ऑफिसरांच्या मुली, त्यांचे वडील इस्त्रीच्या शर्टात मागे उभे. मी घडाघडा पाठ केलेलं बोलले आणि रबर ओढलं. काही नाही. पुन्हा ओढलं. फुगे जरासे हलले आणि तसेच लोंबत राहिले. पाहुण्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, याचं नाक-तोंड तर बंद केलंयस! हा श्वास घेणार कुठून? हे बूच कुणी ठोकलं?" सगळे हसले. बाईंचा चेहरा पडला. मी हाताने फिरवून बघितलं, डमी तसूभरही हलेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मी म्हणाले, "आमच्या शेजारच्या काकांनी लावलंय, सर."

तेव्हा गर्दीतून तुम्ही पुढे आलात. कामावरचा तोच निळा शर्ट, तेच जांभळे हात, घामाने निथळत, अंगाला कारखान्याचा वास. पाळी सुटल्या सुटल्या धावत आला होतात, कारण कामावर असतानाच तुम्हाला डमीची आठवण झाली होती. पान्यासकट आला होतात. तुम्ही सगळं ऐकलं होतं. एकदा माझ्याकडे बघितलंत. मग पाहुण्यांना हात जोडून म्हणालात, "चूक माझी, साहेब. मी यांच्या शेजारीच राहतो. पोरीला काय बोलू नका, तिचं सगळं बरोबर आहे." अर्ध्या मिनिटात डमी काढून खिशात टाकलीत. "ओढ आता, बाळा," म्हणालात. मी ओढलं. फुगे फुगले. पाहुण्यांनी मान डोलावली. मी वर बघितलं तोवर तुम्ही गेला होतात.

घरी मी कानकोंडी होऊन बसले होते. आईने विचारलं, काय झालं शाळेत? तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "काय होणार? फुगले फुगे." बस्स. त्यानंतर नऊ वर्षं तुम्ही तोंडातून एक अवाक्षर काढलं नाहीत. मीही नाही. मी स्वतःला समजावत राहिले की मला थोडंच माहीत होतं तुम्ही तिथे उभे आहात ते! मी तुम्हाला पाहिलंच नव्हतं. माहीत असतं तर मी असं बोलले असते का?

मग ते सरकारी हॉस्पिटल. तुमच्या नाकातोंडावर मास्क आणि छातीतली शिट्टी आता दारापर्यंत ऐकू येतेय. मी बी.एड.च्या वर्गातून थेट आले होते. सिस्टरने विचारलं, "बाबा, ही कोण तुमची?" तुम्ही मास्क बाजूला केलात आणि म्हणालात, "शेजारीण."

सिस्टर म्हणाली, "मग घरच्या कुणाला तरी बोलवा ना!" तुम्ही हसलात, हसता हसता खोकलात, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होतात. "मस्करी हो, सिस्टर. लेक आहे माझी. सायन्सची टीचर होणार." आणि माझं मनगट धरलंत. मला हसता आलं नाही. माफी मागायची ती जागा होती, पप्पा, तुम्ही स्वतः उघडून दिली होती. मी काय केलं? "मास्क लावा आधी," म्हणून तुमच्यावर खेकसले आणि पाणी आणायला बाहेर गेले. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. डमी तुमच्या पानाच्या डबीत सापडली, ती माझ्याकडे आहे.

दरवर्षी हा धडा आला की मी पोरांना ती डमी दाखवते. म्हणते, एका माणसाने चुकून लावली होती. आज त्या रिक्षावाल्याच्या पोरीने विचारलं, "कोण माणूस, मॅडम?" तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि मी तिकडे बोट दाखवलं.

हे पत्र मी प्रयोगवहीत ठेवून देणार, दुसरं कुठे पाठवू? पण लिहिलंच आहे तर खरं लिहिते. मी तुम्हाला पाहिलं होतं, पप्पा. पाहुणे बोलायच्या आधीच पाहिलं होतं. त्या निळ्या शर्टात दारात उभे होतात, टाचा उंचावून मला शोधत होतात, आणि मी दिसल्यावर हसलात. म्हणूनच मी तसं म्हणाले.