पेशकाराच्या पिसवा

॥ श्री काळभैरव प्रसन्न ॥

सोनारी, ता. परंडा
वैशाख शुद्ध पंचमी

चि. गुरुलिंग भाऊजी यांस सोनारीहून कस्तुराबाई वहिनीचे आशीर्वाद.

तुमची प्रकृती बरी असेलच. ज्या माणसाला दुसऱ्याच्या कुत्र्याच्या पिसवांवर चार पानी पत्र लिहायला सवड मिळते, त्याची प्रकृती बरी असायलाच पाहिजे. धाकट्या जाऊबाईंचा गुडघा कसा आहे? (त्यांना सांगा, तुमच्या मासिकातला कुठलाही उपाय गुडघ्यावर करू नका. का, ते पुढं येईल.) इकडं मी, तुमच्या कमलअक्का आणि कुत्रा असे तिघं आपापल्या जागी आहोत. पिसवा तेवढ्या जागा बदलतात. पत्रास कारण काही नाही. सहज लिहिते आहे.

तुम्ही पाठवलेलं मासिकाचं कात्रण पोचलं. ‘सुगंधी वनस्पतींच्या अर्काने पाळीव प्राण्यांचे पिसवांपासून संरक्षण’ हा नुसता मथळा वाचेपर्यंत माझा चहा थंड झाला. तुम्हाला ठाऊक आहे, मी शाळेची पायरी चढलेली नाही. किराण्याच्या, जुन्या वर्तमानपत्रांच्या पुड्या सोडता सोडता अक्षरं शिकले, त्यामुळं जिथं पुडी फाटते तिथं माझं वाचन संपतं. खुनी सापडला की नाही, पूल बांधून झाला की नाही, मला अजून माहीत नाही. म्हणून वाटलं होतं, शिकलेल्या दिराचं कात्रण तरी अखेरपर्यंत असेल. पण तुम्ही कात्री अशी चालवलीत की शेवटची ओळ ‘हे तेल कुत्र्यास लावण्यापूर्वी’ इथं तुटली. लावण्यापूर्वी काय? ते सोलापुरात राहिलं. मागच्या बाजूला मात्र एका नटीचा चेहरा कानातल्यांसकट नीट आला आहे, कुठं जरासुद्धा कापला गेलेला नाही. (कात्री कुठल्या बाजूनं बघून चालवली, हे मी धाकट्या जाऊबाईंना कळवणार नाही.)

आता हकीकत. पेशकार तुम्हाला आठवतोच. तुमच्या दादांनी परंड्याच्या बाजारातून पिशवीत घालून आणलेलं काळं पिल्लू. निजामाच्या वेळच्या, कचेरीत कागद पुढं सरकवणाऱ्या कुठल्याशा पेशकारावरून त्यांनी नाव ठेवलं, कारण दोघंही काही खायला घातल्याशिवाय जागचे हलत नसत. निजामी गेली, कचेरीत नवी माणसं आली, तुमचे दादा गेले. पेशकार त्याच हुद्द्यावर आहे. थोडा वेळ उंबऱ्यात आणि बाकीचा वेळ दादांच्या घोंगडीवर. ते होते तेव्हा पायाशी निजायचा, आता मधोमध निजतो. दादा असेपर्यंत ह्या कुत्र्यावर एक पिसू नव्हती. ते गेल्यावरही वर्षभर नव्हती. ह्या संक्रांतीपासून मात्र अशी पैदास सुरू झाली की पेशकार बसला की खाजवतो, उठला की खाजवतो, भुंकायला तोंड उघडलं तर मध्येच थांबून खाजवतो. चोर आला तर त्याला थोडा वेळ थांबावं लागेल.

तुमच्या अक्कांचं तुम्हाला माहीत आहे. भावाच्या घरी चार दिवस राहायला म्हणून आल्या त्याला आता इतकी वर्षं झाली की मीच त्यांच्याकडं राहते असं गावाला वाटतं. त्यांनी चैत्र लागताच मला बजावलं, “बाई, एक तर ही घोंगडी उकळत्या पान्यात जाईल, न्हायतर हे कुत्रं येशीबाहीर. यात्रंला पाव्हनं येनार. त्येंच्या अंगावर काय पिसवा सोडायच्या व्हय?” मी म्हणाले, घोंगडी धुतली की आखडते. खोटं नाही, लोकर आखडतेच. तर म्हणाल्या, “आखडू दे की. आता पांघरनारा कोन हाय?” हे त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. मी घोंगडीची घडी घालायला घेतली. त्या घोंगडीला अजून वास होता, भाऊजी. घाम, कडबा आणि तपकीर ह्यांचा मिळून होतो तो. (तपकीर तुम्हीच सोलापुरातून धाडत होता आणि त्यावरून मी तुम्हा दोघा भावांना बोलत होते.) ती धुतली तर गेला. आणि कुत्रा घालवला तर त्या घोंगडीवर निजायलाही कुणी उरत नाही. तेव्हा घोंगडी न धुता पिसवा घालवायच्या, एवढाच प्रश्न होता. मी तुमचं कात्रण उघडलं.

पहिला उपाय गवती चहाच्या काढ्याचा. परसात गवती चहा माजलेलाच आहे, हंडाभर उकळला. अक्कांनी त्यातला पेलाभर आधी पिऊन बघितला आणि आलं कमी पडलंय म्हणाल्या. उरलेल्यानं पेशकाराची आंघोळ. मासिकात ह्या सगळ्या प्रकाराला दोन शब्द आहेत, ‘स्नान घालावे’. लिहिणाऱ्यानं कुत्रा पाहिला असेल, पण ओला पाहिलेला नाही. पेशकार हंड्यावरून उडी मारून गेला आणि काढा माझ्या डोक्यावर आला. नंतरचे दोन दिवस मला एक पिसू शिवली नाही. उपाय गुणकारी आहे.

दुसरा उपाय रोशा गवताच्या तेलाचा. ते खाजाभाई अत्ताराकडं मिळतं. खाजाभाई म्हणजे बाजारच्या दिवशी पेटी घेऊन येतो तो. हिना, वाळा, मोगरा, सुरमा, तपकीर, सगळं एका पेटीत, आणि गावची सगळी भानगड त्याच्या तोंडात. कुत्र्याला लावायचंय म्हटल्यावर त्यानं पेटीचं झाकणच लावलं. “भाभी, मेरे बावा नवाबां की शादियां में अत्तर लगाते थे. अब मैं कुत्तेकू लगाऊं? परंड्यात त्वांड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय माझ्या.” शेवटी तेल दिलं, पण कुणी विचारलं तर गुडघ्याला घेतलं म्हणायचं, असं कबूल करून घेतलं. मी गुडघाच सांगत राहिले. कुत्रा ह्यानंच पाच गावांत सांगितला. खाजाभाईच्या पोटात गोष्ट ठेवणं म्हणजे चाळणीत ताक ठेवणं. असो. लावण्यापूर्वी काय करायचं ते सोलापुरात राहिल्यामुळं मी लावण्यापूर्वी देवाला नमस्कार केला आणि लावलं. पेशकार आधीच काळा, तेलानं असा चमकायला लागला की त्यात भांग काढून घ्यावा. मग तो घरभर अंग घासत फिरला. भिंतीला, धान्याच्या कणगीला, आणि शेवटी अक्कांच्या अंथरुणातल्या वाकळेला. पिसवा शहाण्या असतात. तेल नको असलेल्या पिसवा वाकळेत उतरून घेत होत्या, हे आम्हाला मागाहून कळलं.

तिसऱ्या उपायानं कहर केला. ‘दवणा, मरवा अशा सुगंधी वनस्पतींची जुडी प्राण्याच्या गळ्यात बांधावी.’ बांधावी ना. पण भाऊजी, तुम्ही ह्याच गावात वाढलात. चैत्रात सोनारीत दवणा कुणाच्या अंगावर जातो? देवाच्या. आणि काळभैरवाचं वाहन कोण? काळा कुत्रा. हे तुमच्या लक्षात आलं नाही ते सोलापूरच्या पाण्यामुळं, माझ्या लक्षात आलं नाही ते पिसवांमुळं. यात्रेच्या सकाळी मी त्याच्या गळ्यात दवण्याची भरघोस माळ बांधली आणि भाकरी थापायला बसले. पेशकार नैवेद्याच्या वासावर थेट देवळाकडं गेला. काळाभोर, चमकणारा, गळ्यात दवणा, आणि चार हातांवरून घमघमाट. बार्शीकडची एक म्हातारी पायरीवर बसली होती, ती म्हणाली, “अगं बया बया, द्येवच चालत आला की गं!” आणि तिनं आडवं होऊन त्याचे पाय धरले. पेशकाराचे पाय आजवर कुणी धरले नव्हते. तो घाबरून बसला, तर लोक म्हणाले आसन घेतलं. खाजवायला लागला, तर म्हणाले अंगात आलं. गुलाल पडला, पुरणपोळ्या पडल्या. तेवढ्यात शिखरावरचं एक माकड खाली आलं. माकडाचा डोळा पोळीवर असणार, पण जवळ आल्यावर त्याला पिसवा दिसल्या. ते बसलं आणि पेशकाराच्या मानेतली एक एक पिसू काढून खायला लागलं. मग काय विचारता! मारुतीराया भैरवाच्या वाहनाची सेवा करतोय म्हणून एकच गलका. ह्या तीन उपायांत खऱ्या पिसवा कुणी काढल्या असतील तर त्या माकडानं, आणि त्याला कुणी कात्रण धाडलं नव्हतं.

अक्का काठी घेऊन कुत्रं हाकलायला गेल्या होत्या. रांग बघितल्यावर काठी त्यांनी कुठं ठेवली ती अजून सापडली नाही. गलका ऐकून मीही भाकरी टाकून देवळाशी पोचले, बघते तर त्या पेशकाराशेजारी मांडी घालून लोकांना सांगतायत, “आमच्याच घरचा हाय. ल्हानपनापास्नं सोमवार धरतो.” (सोमवारीच ह्यानं माझं अर्धा शेर दूध सांडून चाटलं होतं.) वेशीबाहेरचा विषय तिथल्या तिथं संपला. मला वाटलं, जिंकले. पण अक्कांची भक्ती त्यांच्या रागापेक्षा महाग पडते. देवाचं वाहन आणि असल्या कळकट घोंगडीवर निजवायचं? पाप लागेल! मी गर्दी पांगण्याची वाट बघत देवळापाशीच थांबले होते, तेवढ्यात अक्का घरी गेल्या, चुलीवर पाणी ठेवलं, उरलेला गवती चहा, तळाचं तेल, शिल्लक दवणा, सगळं त्यात लोटलं आणि घोंगडी बुडवली. मी पेशकाराला घेऊन परतले तेव्हा ती कुंपणावर निथळत होती.

वाळल्यावर मी नाक लावून बघितलं. ह्या काठापासून त्या काठापर्यंत गवती चहा. कोपरेसुद्धा हुंगले. अक्कांनी चांगल्या मनानं केलं होतं, आणि भाऊ त्यांचाही होता, त्यामुळं भांडताही येईना. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. मी एवढंच म्हणाले, “आखडली बघा.” आखडली होतीच.

पेशकारानं घोंगडीभोवती फेरी मारली, चारी बाजूंनी हुंगली, एकदा माझ्याकडं बघितलं आणि बाजेखाली जाऊन पडला. भाकरी नाही, दूध नाही, यात्रेतली पुरणपोळीसुद्धा नाही. खाल्ल्याशिवाय न हलणारा पेशकार आता खायलाही हलेना. अक्का लोकांना सांगायला लागल्या, कडक उपास धरलाय. पुढच्या बाजारी खाजाभाई ओट्यावर येऊन टेकला. खुशीत होता, कारण यात्रेत सगळ्यांनी ‘भैरवाच्या कुत्र्याचं तेल’ मागून त्याची पेटी रिकामी केली होती. (नवाबांची लग्नं आता त्याला आठवत नाहीत.) बोलता बोलता त्यानं डबी उघडून चिमूटभर तपकीर ओढली. आणि बाजेखालून पेशकार उठला. धावतच आला, दोनदा शिंकला, शेपूट हलवत खाजाभाईच्या पुढ्यात बसला आणि मान वर करून बघायला लागला. डबीकडं नाही, तोंडाकडं. मग शेपूट थांबली. खाजाभाई म्हणाला, “भाभी, कुत्तेकू तपकिरीची आदत है क्या?” मी होय म्हणाले. अक्का दारात केरसुणी घेऊन उभ्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. अक्का बोलल्या नाहीत ही बातमी तुमच्या मासिकात छापण्यासारखी आहे. मलाही शिंक आली. डोळ्यांत पाणी आलं ते शिंकेचं.

तेव्हा मला उमगलं. तुमचे दादा प्रत्येक चिमटीतली निम्मी नाकात घालायचे आणि निम्मी सांडायचे. पायाशी पेशकार, खाली घोंगडी. तंबाखू वनस्पतीच की नाही? आणि त्या डबीला केवड्याचा वास होता, म्हणजे सुगंधी. इतकी वर्षं माझ्या घरात तुमच्या मासिकाचा मथळा रोज सांडत होता, आणि मी तो रोज झाडून काढत होते. घोंगडीतली सांडलेली तपकीर वर्षभर पुरली, संक्रांतीला संपली.

पेशकार आता थोडं दूध पितो. त्याच्या अंगावर पिसू नाही, घोंगडीत नाही. सगळ्या अक्कांच्या वाकळेत सुखी आहेत. मुलांना आशीर्वाद. कात्रणाबद्दल आभारी आहे, पुन्हा पाठवू नये.

तुमची वहिनी,
कस्तुराबाई

ता. क. ‘लावण्यापूर्वी’च्या पुढं काय होतं ते सवडीनं कळवा. आता उपयोग नाही, पण एक तरी गोष्ट शेवटपर्यंत वाचावी म्हणते.

ता. क. दुसरा. दादांना धाडत होता त्याच दुकानातली, तीच केवड्याची तपकीर एक डबी टपालानं पाठवा. वर ‘औषध’ असं लिहा. खाजाभाईकडून घेतली असती, पण त्याच्याकडची ती नव्हे. शिवाय विधवा बाई तपकीर ओढायला लागली ही बातमी एस.टी.च्या आधी परंड्याला पोचेल. घोंगडीवर शिंपडायला पाहिजे. कुत्र्यासाठी.

ता. क. तिसरा. पेशकाराचं एका डबीत भागेल. तरी दोन पाठवा.