टोमॅटोच्या डॉक्टरची सुरी

सुतामार्चान, ९ फेब्रुवारी १९९७

ती. कुस्तोदियाताईस,
धाकट्या एलिएसेरचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले लोकरी मोजे पोचले. तुझी भावजय म्हणते, ताईंनी मोज्यांऐवजी थोडी अक्कल पाठवली असती तर टपालखर्च तरी वसूल झाला असता.

पण ताई, तिसरीत दोनदा बसलेला तुझा भाऊ आता डॉक्टर झाला आहे. डिसेंबरात कृषी खात्याच्या इंजिनीअर बाईंनी टोमॅटोच्या रोगांवर व्याख्यान दिलं. मी पहिल्या बाकावर होतो. जेवढा वेळ जागा होतो तेवढ्यात एक गोष्ट पक्की शिकलो. सुकणाऱ्या झाडाचं खोड चिरून पाण्याच्या ग्लासात धरायचं. दुधासारखा धागा सुटला तर जिवाणू, नाही तर नाही. तेव्हापासून सावडीला, कामाच्या बदल्यात काम म्हणून, ज्याच्या पॉलिहाऊसमध्ये जातो, तिथं खोडाच्या बगलफुटी खुडता खुडता निदानही करून देतो. ग्लास तुझ्या भावजयीच्या लग्नातला, सुरी बाबांची, हाडाच्या मुठीची. तिच्याशिवाय मी झाडाला हात लावत नाही.

आता वाईट बातमी. आपल्या एर्मोहेनेसच्या झाडांची पानं एकाच अंगानं सुकायला लागली, कडा करपल्या. मी त्याची आठ झाडं चिरली, पाणी नितळ. म्हणजे जिवाणू नाहीत. मग दोष कशाचा? रोपांचा. आणि निम्म्या गावाला रोपं त्यानंच वाढवून दिलेली. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायरीवर दहा माणसांत मी तसं सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात विधवा देल्फिनाच्या झाडांनाही तेच झालं, आणि तिनं तर रोपं घरीच वाढवली होती. तिच्या पाण्यात काहीतरी असावं. डिसेंबरात आपल्या मागच्या ओळीचंही असंच झालं होतं. ते बहुधा चंद्रामुळे.

एर्मोहेनेस माझ्याशी बोलत नाही. माझ्या पोरीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, तीस वर्षांचा सोबती, आणि मला बघून रस्ता बदलतो. ईस्टरनंतर पॉलिहाऊस मोडून बोगोताला मुलाकडे जायचं म्हणतोय, कायमचं. खरं बोललो यात माझं काय चुकलं, तूच सांग.

मोज्यांइतकीच ऊब उत्तरातही असू दे.
तुझा,
डॉ. एलिएसेर

बोगोता, १८ फेब्रुवारी १९९७

चि. एलिएसेर यास अ. आ.

डॉक्टरसाहेब, मला टोमॅटोतलं कोशिंबिरीपलीकडे काही कळत नाही. पण अकरा वर्षं मी इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं उकळते आहे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा चहा तसाच ठेवून कागद घेतला.

आधी आजारी पडली तुझी ओळ. मग एर्मोहेनेसची झाडं, मग देल्फिनाची. देल्फिनाची रोपं घरची, म्हणजे त्याच्या रोपांनी तिच्याकडे रोग नेला नाही. मग या तिन्ही घरांत कोण जाऊन आलं? एक झाड चिरल्यावर दुसऱ्याला लावण्याआधी सुरी कशानं धुतलीस, ते तू लिहिलं नाहीस. लिहू नकोस. तुझी पँट मी धुतलेली आहे. बाबाही तिथंच पुसायचे आणि त्याच सुरीनं लोंगानिसाचं सॉसेज कापायचे.

इथं आल्यावर पहिल्याच वर्षी मी न उकळलेली कात्री ताटात ठेवली होती. कुणी पाहिलं नव्हतं. मी आपणहून मोठ्या सिस्टरना सांगितलं. ही गोष्ट मी आजवर घरी कळवली नव्हती, तुला आज सांगते आहे.

फळासकट एक फांदी घेऊन त्या बाईंकडे जा आणि व्याख्यानातला झोपेतला भाग विचारून ये. मग एर्मोहेनेसकडे जा. त्याच्या मुलाची एकच खोली आहे, पाचव्या मजल्यावर. तो म्हातारा तिथं कबुतरांशी बोलत बसेल.

रागावले आहे, तरी तुझीच,
कुस्तोदिया

सुतामार्चान, १६ मार्च १९९७

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाईंनी टोमॅटो हातात फिरवला. पांढऱ्या कड्यात तपकिरी ठिपका, पाखराच्या डोळ्यासारखा. मग खोड उभं चिरलं, तर सालीखाली तपकिरी रेघ. म्हणाल्या, हा कॅन्कर. आहेत जिवाणूच, पण ग्लासात यांचा धागा बहुतेक सुटत नाही, आणि हे मी डिसेंबरातही सांगितलं होतं. तुझा भाऊ त्यांना नीट आठवत होता, घोरण्यामुळे. सुरी कशी पुसता असं विचारल्यावर मी मांडी दाखवली. त्यावर त्यांनी नुसता साबण पुढे केला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन सुरी उकळली. पातेल्यात हाडाची मूठ सुटून आली. ताई, मी चुलीपाशी लहान पोरासारखा रडलो, आणि सगळं रडणं काही सुरीसाठी नव्हतं.

मग एर्मोहेनेसकडे गेलो. दार त्याच्या बायकोनं, रोसाल्बिनानं उघडलं. ट्रंका दोरीनं बांधलेल्या होत्या. टोपी हातात घेऊन मी सांगितलं, रोग माझ्या घरचा होता, माझ्या सुरीनं तुझ्याकडे आणला, वर तुझ्याच रोपांना बदनाम केलं. येत्या रविवारी त्याच दहा माणसांत हे बोलेन. त्यानं ट्रंकेची एक गाठ आवळली. मग विचारलं, तुझी किती झाडं गेली? मी म्हटलं, सगळी. म्हणाला, बरं झालं.

रविवारी पायरीवर दहा नव्हे, साठेक माणसं होती. रोसाल्बिना घरोघर आमंत्रण देऊन आली होती. माझा आवाज दोनदा फुटला, आणि दोन्ही वेळा एर्मोहेनेस ओरडला, मागच्यांना ऐकू येत नाहीये रे, पुन्हा सांग.

ट्रंका सुटल्या. सगळ्यांची झाडं उपटून जाळली, आता नवी लागवड. काल त्याच्याकडे सावड होती. दारात ब्लीचची बादली, वर फळी: 'हात आणि हत्यार बुडवा. डॉक्टर असाल तर दोनदा.'

मी दोनदा बुडवले. हत्यार नव्हतंच, नुसते हात. तेव्हा त्यानं खिशातून बाबांचं पातं काढलं. तुझ्या भावजयीनं ते त्याला गुपचूप नेऊन दिलं होतं. त्याला पेरूच्या लाकडाची नवी मूठ बसवली आहे. म्हणाला, तीनदा उकळून पाहिली, सुटत नाही.

एवढं बोलून तो पुढच्या ओळीला लागला. मी त्याच्या शेजारच्या.

लोभ आहेच, कान धरायलाही येत जा.
तुझा, हात धुतलेला,
एलिएसेर