अंतरपाटाआडचं नाव

जालना,
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय दैवशाला,

पत्र पाहून घाबरू नकोस. इकडे सगळे जिवंत आहेत, माझा रक्तदाबही. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेज पाठवला तर उत्तरादाखल नुसता अंगठा येतो. सारी फौजदारकी लोकांचे अंगठे घेण्यात घालवलीस, आता निवृत्तीनंतर स्वतःचा वाटत सुटली आहेस. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. नीला म्हणाली, "लिहा, पण संस्कृत कमी घाला, बाईचा गुडघा नुकताच बदललाय." गुडघ्याचा आणि संस्कृताचा काय संबंध ते तिला विचारायचं धाडस मला गेल्या सव्वीस वर्षांत झालेलं नाही. तुझ्या जान्हवीला सांग, आईला गॅलरीत उन्हात बसवून हे वाचू दे. मला दोन बातम्या सांगायच्या आहेत आणि एक गोष्ट मागायची आहे. मागणं शेवटी ठेवतो. आधी सांगितलं तर तू 'नाही' म्हणून पत्र मिटशील, आणि माझं बाकीचं अक्षर वाया जाईल.

पहिली बातमी. धावड्याच्या खटल्याचा निकाल लागला, आठ वर्षांनी. सगुणाबाईला आणि त्या नवरदेवाला जन्मठेप. कारभारीला, म्हणजे पोरीच्या सख्ख्या मामाला, दहा वर्षं सक्तमजुरी. वर अपील करतील, ते करोत. मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. न्यायाधीशबाई इतक्या सपाट आवाजात वाचत होत्या की त्यांनी जन्मठेप वाचली की पुढची तारीख, हे समजायला मला क्षणभर वेळ लागला. पोर माझ्या शेजारी बसली होती. तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आधी आजीला पाजलं.

पोरीचं नाव इथे लिहीत नाही. अशा मुलीचं नाव कुठल्याही कागदावर येऊ द्यायचं नसतं, म्हणून तू मला भोकरदनच्या ठाण्यात सगळ्यांदेखत झापलं होतंस. मी शिक्षक असल्यामुळे मला झापून घेण्याची सवय नव्हती, त्यामुळे ते चांगलंच लक्षात राहिलं.

काल केदारखेड्याला गेलो होतो. पूर्णेच्या पुलावर गाडी थांबवली आणि उगाच उभा राहिलो. आठवतं ना, शाळा सुटली की आपण या पुलावर यायचो आणि मी तुझ्याकडून रामाची रूपं घोकून घ्यायचो? रामः रामौ रामाः. तू कठड्यावर बसून पाय हलवत विचारायचीस, "राम एकच हाय ना, मंग त्याचं अनेकवचन कशापायी?" हेच तू गुरुजींना वर्गात विचारलंस आणि छडी खाल्लीस. चाळीस वर्षं संस्कृत शिकल्या-शिकवल्यावर माझं मत असं झालंय की तुझा प्रश्न बरोबर होता. पण हे आधी कबूल केलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस. आणि त्या पाटलाच्या मळ्यातल्या मोसंब्या! चोरल्या आपण दोघांनी, खाल्ल्या दोघांनी, आणि चौकशी सुरू होताच सालींचा पंचनामा करून मला एकट्याला गुन्हेगार ठरवलंस तू. त्या दिवशीच गुरुजी म्हणाले होते, ही पोरगी फौजदार होणार. मला काय होणार म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शाळेच्या नोकरीबरोबर मला मंगलाष्टकं लिहायचा नाद लागला, तो तुला ठाऊकच आहे. तूच म्हणायचीस, श्रीपती, तुझ्या विद्येचा एवढाच उपयोग. असू दे. पण माझा एक नियम होता आणि आहे. कुणीही मंगलाष्टक मागायला आलं की मी आधी नावं विचारतो. नवरानवरीची, दोघांच्या आईवडिलांची, गावांची, कुलदैवताची, आणि नवरीच्या पाठीशी उभं राहणाऱ्या मामाचं. लोक कंटाळतात, पण सांगतात. नावं सांगता सांगता नवरीचा बाप पणजीपर्यंत पोचतो, आत्या येऊन दुरुस्त्या करते, कुणाच्या तरी आजोळावरून माझ्या ओसरीवरच भांडण लागतं. मला ते फार आवडतं. लग्नाचं घर ओसरीवर येऊन बसल्यासारखं वाटतं.

लग्नं जुळवणारी ही सगुणाबाई पहिल्यांदा आली तेव्हा नवऱ्याच्या आईचं नाव तिला ठाऊक नव्हतं. म्हणाली, "घाला तुमच्याच मनानं काहीतरी चांगलं." मला वाटलं, स्थळ लांबचं, परराज्यातलं, असेल घाई. वर्षभराने ती पुन्हा आली. हातात मिठाईचा पुडा, तोंडभर हसू. ओसरीवर टेकली न टेकली तोच म्हणाली, "सर, मागल्या वर्षीचंच द्या की. नवरदेव तोच हाय. फक्त पोरीचं नाव बदला. जल्दी पाह्यजे."

हे ती इतक्या सहज म्हणाली, दैवशाला, जसं कुणी दुकानात म्हणावं की तोच रंग द्या, फक्त माप बदला. लग्न चारचौघांत खरं दिसावं, गावाने शंका घेऊ नये, शिकल्या माणसाच्या हातचं मंगलाष्टक असावं, एवढी हौस त्या बाईला होती. त्या हौसेनेच ती सापडली. मी चहा दिला, नव्या पोरीचं नाव, तिच्या मामाचं नाव, जागा आणि मुहूर्त विचारून घेतला, आणि ती फाटकाबाहेर पडताच तुला फोन लावला. तेव्हा तू फोन उचलत होतीस.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, पण सांगू दे. म्हाताऱ्या मित्रांना एकमेकांना माहीत असलेल्या गोष्टी सांगण्याचाच तर आनंद असतो. धावड्याच्या बाहेर ते शेत, पत्र्याच्या शेडपुढे चार बांबूंचा मांडव. पोर चौदा वर्षांची. आई नाही, बाप परागंदा. आजी द्वारकाबाईला सांगितलेलं की नुसतं कुंकू लावून ठेवायचं, नांदायला अठरा झाल्यावर. खरं म्हणजे जीप त्याच दुपारी निघायची होती, आणि पुढे लग्नबिग्न काही नव्हतं, पोरींचा बाजार मांडणारं एक घर होतं. तू मला सांगितलंस, नवरदेव मांडवात उभा असताना सापडला पाहिजे, नाहीतर त्या घराचा पत्ता कधीच लागायचा नाही. तुझी माणसं येईपर्यंत अंतरपाट खाली येता कामा नये, आणि मंगलाष्टकं चालू आहेत तोवर तो येत नाही. तेव्हा तू गात राहा.

तू स्वतः हिरवं लुगडं नेसून, मुठीत अक्षता घेऊन बायकांत उभी. वेळ झाली तरी तुझ्या गाडीचा पत्ता नाही. नंतर कळलं, केदारखेड्याजवळ पंक्चर. सरकारी गाडी ती, तिचंही बरोबर. माझी लिहून आणलेली कडवी, शेवटची ओळ सोडली तर, संपली. गणपती झाला, नद्या झाल्या, सगळी कुलदैवतं झाली. नवरदेव घड्याळ बघायला लागला. सगुणाबाई म्हणाली, "सर, बास झालं आता, आटपा." आणि माझ्या तोंडून काय निघालं? रामः रामौ रामाः. मंगलाष्टकाच्या चालीवर, अगदी ताना घेऊन. प्रथमेपासून संबोधनापर्यंत. मांडवात एकालाही शंका आली नाही, एक म्हातारबा तर डोळे मिटून डोलत होते. फक्त बायकांत एक बाई पदर तोंडात कोंबून हसत होती. मी राम संपवून हरीवर आलो तेव्हा ती बाई पुढे सरकत सरकत नवरीच्या मागे, मामाच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. मग तुझ्या माणसांच्या जीपचा आवाज आला. तू एका हाताने कारभारीचं मनगट धरलंस आणि दुसऱ्या हाताने पोरीला जवळ ओढलंस. कारभारी ओरडला, "कोण हो तुम्ही? पोरीच्या कोण लागता?" तुला उत्तर सुचलं नाही असं तुझ्या आयुष्यात तेवढं एकदाच झालं.

त्या नवरदेवाच्या तोंडून पत्ता काढून तू परराज्यात गेलीस आणि आणखी तिघींना घेऊन आलीस. मागल्या वर्षीचं मंगलाष्टक जिच्या नावाने गेलं होतं, तीही त्यांत होती. ती आता शिवण शिकवते, एवढंच सांगतो.

द्वारकाबाईची साक्ष झाली तेव्हा तू तुझी साक्ष देऊन परत गेली होतीस, म्हणून सांगतो. वकील म्हणाला, "बाई, पोटच्या पोराविरुद्ध बोलताना काही वाटत नाही?" म्हातारीने पदर सारखा केला. "वाटतं की. पोरगा बिलकुल माझाच हाय. पन नात बी माझीच हाय. तिला इकायचा हक त्याला कुनी देल्ता? म्या तर न्हाई देल्ता." मग तिने आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहून विचारलं, "जेवला का रे?" आणि खाली उतरली. दैवशाला, मी जन्मभर शोक शिकवला, करुणरस शिकवला. त्या दिवशी घरी आलो आणि नीलाला म्हटलं, मला आज जेवण नको.

आता दुसरी बातमी. पोरीचं लग्न ठरलंय. लग्न झालं म्हणजे सगळं भरून निघालं असं मानणाऱ्यांतला मी नाही, आणि तीही नाही. ती नर्स झाली, इथल्याच एका दवाखान्यात रात्रपाळ्या करते, आणि मुलगा तिने स्वतः निवडलाय. हरिओम, आष्टीचा, फवारणीचे पंप दुरुस्त करतो, शेती आहे. पहिल्याच भेटीत तिने त्याला सगळं सांगून टाकलं आणि वर म्हणाली, विचार करायला वेळ घे. तो म्हणाला, वेळ कशाला, मी पंप उघडल्याशिवाय दुरुस्त होतो का नाही ते सांगत नाही, तू तर स्वतःच उघडून दाखवलंस. उपमा मला पटली नाही, माणूस पटला. परवा सगळे मंगलाष्टक मागायला आले. मी तोंड उघडायच्या आत नवऱ्याची आई म्हणाली, "माझं नाव चतुराबाई, लिहून घ्या, आन् तिच्या आज्जीचं बी घाला बरं का." ओसरीवर भांडण लागलं, त्याच्या आत्याने दुरुस्त्या केल्या. मला बरं वाटलं.

मामाचं नाव विचारायची वेळ आली तेव्हा मी ते सोडून कुलदैवतावर गेलो. पोरीने ते ओळखलं. म्हणाली, "सर, त्या दिवशी मामाच्या शेजारी कोन उभं होतं? त्यांचं घाला." मी तिला तुझा नियम सांगितला. सोडवलेल्या पोरीच्या सुखात आपण तोंड दाखवायचं नाही, आपल्याला पाहिलं की तिला तो दिवस आठवतो. इतकी वर्षं तू तो पाळलास, साक्षीला आलीस तेव्हाही तिच्याकडे न बघता निघून गेलीस. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तो दिवस मला तसाबी आठवतो. मॅडम दिसल्या तर त्या दिवसाचा शेवट आठवल." आणि उठता उठता म्हणाली, "अजून एक हाय. त्या दिवशी तुमी समद्यांची नावं घेतली. माझंच घेतलं न्हाई. माझी ओळ आली की रामः रामौ करत पुढं गेलात." हे तिच्या लक्षात आलं असेल असं मला कधीच वाटलं नव्हतं. त्या मांडवात तिचं नाव उच्चारायला माझी जीभ वळली नव्हती. "कोर्टात मी पीडिता. पेपरात ती मुलगी. या वेळी जोरात घ्या. भोंग्यावर. कागदावर बी लिहा, माझी परवानगी हाय."

तर माझं मागणं हे. अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, आष्टीला, सकाळच्या मुहूर्तावर, नवा गुडघा घेऊन ये आणि मामाच्या जागी उभी राहा. कारभारीने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तोंडाने द्यायची गरज पडणार नाही. माझी ओळ तयार आहे, नाव अगदी आरंभी आलंय, आणि या वेळी मी रामाला मध्ये आणणार नाही: आकांक्षा निघते सुखें निज घरा, कुर्यात् सदा मंगलम्.

पुलावर तुझी वाट पाहणारा, तुझाच
श्रीपती