देवघराच्या भिंतीतला पाइप

८ डिसेंबर, सोमवार

डॉक्टर म्हणे, बाबाचं रोजचं खाणं-औषध लिहून ठेवत जा. मले अक्षर म्हणजे मुंगळ्यांची रांग. मी सांगते, मंदा लिहिते. सून आहे, ऐकावं लागते तिले. मंदे, मी बोलते तसंच लिही, मधात शाळेतली मराठी घालू नको.

माझा बुढा: अर्धी भाकर दुधात कुस्करून. औषध दोन टाइम. झोप बरी.

लकवा झाल्यापासून डावा हात छातीशी आवळून धरला आहे, मूठ गच्च. जसा काही वावराचा सातबारा मुठीत आहे आणि मी चोरणार आहे. आज मुठीतून वास आला. नखं तळहातात रुतू राह्यली. उघडाले गेलं की लेकरासारखा रडते.

९ डिसें.

माझ्या पोरानं, गजूनं डॉक्टरले फोन लावला. खांद्यावरून गरम पाण्याची धार धरा म्हणे, चांगला अर्धा घंटा, मधात तोडू नका. मूठ सैल पडली की नखं कापा. उशीर केला तर तळहात सडन.

धार कुठून आणू? गच्चीवर सोलर आहे. वर गजू-मंदाच्या न्हाणीत पाणी वाफाळते. खाली आमच्या न्हाणीत, बसवल्यापासून, गरम पाण्याचा थेंब आला नाही. बुढा ताठ होता तवा म्हणे, "थंड्या पाण्यानं न्हाणारा गडी आहो मी." म्हणून कोणी पाह्यलं नाही.

मंदानं आज जिन्यानं बादल्या उतरवल्या. तांब्यानं टाकलं, पण बादली सरली की हात पुन्हा आवळते. बुढ्याले वर न्यावं तर जिना अरुंद, खुर्ची वळत नाही. मंदाची कंबर धरली. हे ती लिहीत नव्हती. लिही.

११ डिसें.

धाड गावाहून नळाचा मिस्त्री रफीक आला. गच्चीवर चढला आन् तिथूनच हसाले लागला.

"माय, मधात हा उंट कोणं बसवला?"

पाइप टाकीतून निघून सरळ उतरावा, तर हा कठड्यावर चढते, जिन्याच्या छपरावरून जाते, मंग मागून न्हाणीत उतरते. चढाच्या जागी हवा अडकून बसते, पाणी तिच्या मागं थांबते.

मी म्हणलं, बापू, उंट बुढ्याचा आहे. सरळ रस्ता देवघराच्या भिंतीतून होता. न्हाणीचं पाणी देवाच्या पाठीमागून? नाही! लावणारा मिस्त्री घसा फोडून सांगत होता. बुढा म्हणे, पाइप माझा, घर माझं, देव माझा.

रफीकनं चढावरचा सांधा खोलला. हवा फुस्स करून गेली. संध्याकाळी न्हाणीत कोमट आलं. मंदानं टाळी वाजवली.

१२ डिसें.

सकाळी पुन्हा बंद. मंदाची टाळी वाया गेली.

बुढा: चहा, एक बिस्कुट. भाकर थुंकली.

१४ डिसें., रविवार

रफीकनं चढावर उभी नळी लावली, हवा जायले. हवा गेली, पण धार करंगळीएवढी. खाली येईस्तोर गारठून जाते. तो म्हणे, "चढ टाकीच्या बरोबरीनं आला माय. पाणी उतरते, चढत नाही. एक तं पाइप देवघरातून सरळ घ्या, नाही तं मले पुन्हा पुन्हा बोलावून चहा पाजत राहा."

चहा कमी साखरेचा द्या, इतकंच मंदा म्हणाली.

१५ डिसें.

आज बुढ्याले विचारलं. घर त्याचं, देव त्याचा.

आता याची गंमत अशी. जन्मभर हा माणूस मले नाही म्हणत आला. माहेरी जाऊ? नाही. तूर पेरू? नाही. लकव्यानं सगळे शब्द नेले आन् होकाराचा एकच ठेवला. हाव. भूक लागली, हाव. दुखते, हाव. गजू ओळखू येते का, हाव.

म्हणलं, पाइप देवघरातून नेऊ का?

"हाव."

नको नेऊ का?

"हाव."

मी हसली. मंदाही. मंग मी तोंड धुवाले गेली, बराच वेळ बाहेर आली नाही.

१६ डिसें.

मूठ पुसताना कपड्याले पू लागला.

गजू म्हणे, "माय, बाबा बरे असते तं होऊ देल्लं नसतं." खरं आहे. पण बरा असता तर मूठ उघडी असती, आन् त्याच मुठीनं आपल्या पाठीत घातलं असतं.

गजूले म्हणलं, रफीकले सांग, ये.

१८ डिसें., गुरुवार

सकाळी देवाले न्हाऊ घातलं, ताम्हणात बसवलं आन् स्वयंपाकघरात पाटावर आणून ठेवलं. देव बोलले नाहीत. तेही बुढ्यासारखेच झाले.

रफीक मशीन घेऊन दारातच उभा. आत येईना. "माय, मी नाही. उद्या गाव म्हणन, रफीकनं देवाची भीत फोडली."

म्हणलं, आण इकडं ते मशीन, मी फोडते. कोणी विचारलं तर सांग, बुढीनं फोडली. मशीनवर माझे दोन्ही हात, त्यावर त्याचे. दात हालले माझे, जे आहेत ते. छिद्र पडलं आन् पलीकडून न्हाणीतला उजेड देवघरात आला.

बुढा दारातल्या खाटेवरून पाहत होता. मी त्याच्याकडं पाह्यलं नाही.

१९ डिसें.

पाणी आलं! मनगटाएवढी धार. भाजते इतकं गरम, थंड मिसळावं लागलं.

गजूनं खुर्चीत बसवलं, मी खांद्यावर धार धरली. पह्यले काहीच नाही. मंग कोपर जरा खाली आलं. मंग बोटं, एक एक, जशी वासराची पापणी उघडते तशी. तळहात पाह्यला. पांढराफटक, नखांचे घाव. या हातानं मले हळद लागली तवाची... मंदे, हे खोड. बरं, राहू दे.

करंगळीपासून नखं कापत आली. अंगठा आत दाबलेला, तो काही सुटला नाही. बुढा डोळे मिटून होता. रडला नाही. त्याले थकवा आला, म्हणून तितक्यावर थांबली. उद्या अंगठा.

२० डिसें.

ताप. अंगठा राह्यला. पेज दोन चमचे.

२२ डिसें., सोमवार

छातीत कफ भरला. रात्री घरघर वाढली, बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. मंदा तिथं कागदाच्या मागं लिहू राह्यली.

शेजारची यमुना भेटाले आली. खाटेशी बसून म्हणे, "देव हालवले न् तिसऱ्या दिवशी माणूस हालला." मी म्हणलं, यमुने, देव एवढा रागीट असता तर तुझ्या जिभेले कवाच लकवा झाला असता. ती गेली. मंग मीच बसली विचार करत. पाणी बाधलं का? ओल्या अंगानं हवा लागली का? का आणखी काही? डॉक्टरले विचारलं. तो म्हणे, आजी, वय झालं. वय तर लकव्याच्या आधीही झालं होतं.

२४ डिसें.

कपडे न्यायले घरी आली. गजू देवघरात उभा, पाइपाकडं पाहत.

"माय, काढून टाकू का हा? रफीकले बोलावतो. भीत बुजवू, देव जागेवर बसवू. बाबाले बरं वाटन."

पोरगा घाबरला आहे. मीही आहो, पण त्याले दिसू देल्लं नाही. पाइपाले हात लावला. आतलं पाणी गरम होतं. घरात सगळे त्याच पाण्यानं न्हातात. मी नाही न्हाली अजून.

गजूले म्हणलं, बापा, अंगठ्याचं नख राह्यलं आहे. ते कापून होईस्तोर याले कोणी हात लावू नका.